दाराजवळची जागा

ज्यूदोच्या त्या क्लासात ‘नवा’ हे एक पद होतं. जसा अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, तसा नवा. फरक एवढाच, की अध्यक्षाची खुर्ची वर्षभर रिकामी राहिली तरी संस्थेचं काही अडत नाही. नव्याची जागा मात्र एक दिवसही रिकामी ठेवायची तिथे पद्धत नव्हती. ही जागा रांगेच्या अगदी शेवटी, दाराजवळ होती. दार नीट लागत नसे, त्यामुळे नव्याच्या पाठीला सतत वारा लागे, आणि मॅटचा जो एकच कोपरा फाटलेला होता तो नेमका त्याच्या पायाखाली येई.

निरीक्षकांना हे पद मिळालं तेव्हा आपल्याला पद मिळालंय हेच त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याला प्रवेश मिळाला.

निरीक्षक म्हणजे वजनमापे कार्यालयातले निरीक्षक. वाण्यापासून सोनारापर्यंत शहरातला एकेक तराजू त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा, आणि तराजूच्या मागे त्याचा मालक; दोघंही सारखेच थरथरत. टेबलामागच्या काचेच्या कपाटात मखमलीवर पितळी वजनं मांडलेली होती. त्यांना कुणी उघड्या हाताने शिवलं, तर निरीक्षक हातातला घास टाकून उठत. हाताच्या घामाने वजन बदलतं म्हणे. माणूस तसा सरळ. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यातली चूक काढत बसलं की मानेला एक ताठा येतो, तसा त्यांच्याही मानेला आला होता.

असा माणूस पन्नाशीला टेकल्यावर ज्यूदो शिकायला कशाला जाईल? शत्रू म्हणावा असा त्यांना कोणी नव्हता. प्रकृतीचं म्हणाल, तर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, लोळायला नव्हे. कारण होतं बबडी.

बबडी ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती इतकी बोलायची, की निरीक्षक कानात कापूस घालून पेपर वाचत. आता कानात घालायची पाळी तिची होती. सकाळी उठल्यापासून तिच्या दोन्ही कानांत ती गाण्यांची बोंडं असायची, आणि वडिलांशी बोलायला तिने ‘हं’ आणि ‘बघू’ असे दोन शब्द बाजूला काढून ठेवले होते. त्यातला ‘बघू’ लांबलचक संभाषणासाठी. ज्यूदोत मात्र ती तयार झाली होती. तिने काळ्याच्या खालोखालचा तपकिरी पट्टा मिळवला होता, आणि वार्षिक परीक्षा संपली की ती दुसऱ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहात राहायला जाणार होती. एकदा मुलगी अशी बाहेर पडली, की परत येते ती पाहुणी म्हणून. निरीक्षकांना हे कळत होतं आणि त्याने त्यांना जेवण जात नव्हतं. घरात ती अभ्यासात, झोपेत किंवा फोनमध्ये असे. रोज संध्याकाळी तेवढा तासभर तिच्या कानांत बोंडं नसत, आणि तो तास ज्यूदोच्या क्लासात जाई. मुलगी जिथे ऐकू शकते तिथे बापाने जावं, हा हिशेब त्यांना बिनचूक वाटला.

“दोन शब्द बोलायचे म्हणून दोन पाय मोडून घ्यायचे?” बायको म्हणाली.

बबडी म्हणाली, “बघू.” निरीक्षकांनी ती परवानगी समजली.

क्लास कपडे धुण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरे. खालून इस्त्रीची वाफ येई, वरून घाम गळे, त्यामुळे हॉलमध्ये कायम ओल्या टॉवेलचा वास असे. पहिल्या दिवशी निरीक्षक नवाकोरा, कडक खळीचा पांढरा पोशाख घालून दारात उभे राहिले. पोशाख इतका कडक, की त्यांनी बसायचं ठरवलं असतं तरी तो उभाच राहिला असता. तेवढ्यात आतून एक बाई धावत आल्या. औषधांच्या दुकानात काउंटरवर असणाऱ्या या बाईंना ते ओळखत होते. पण त्या अशा का धावत येताहेत ते त्यांना कळेना.

“आलात? खरंच शिकायला आलात? राहणार ना?” असं म्हणून बाईंनी चक्क डोळे पुसले.

निरीक्षकांचा ऊर भरून आला. कोण म्हणतं माणसाला माणसाची ओढ राहिली नाही? बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यात फरशी पुसायचं फडकं ठेवलं.

“हे आता तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि उड्या मारत आत गेल्या.

आत शिकवणाऱ्या सरांनी त्यांना एकदा अलगद पाडलं, ते उठले, आणि सरांनी त्यांच्या कमरेला पांढरा पट्टा बांधला. हळूहळू उलगडा झाला. त्या हॉलमध्ये रांग पट्ट्याप्रमाणे लागे. वय, शिक्षण, सरकारी हुद्दा यांना तिथे कवडीची किंमत नव्हती. नव्याने सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांच्या नंतर जायचं. मॅट पुसायची. सगळ्यांच्या चपला टाचा भिंतीकडे करून ओळीत लावायच्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकून नमस्कार करायचा, आणि समोरच्याने फक्त हनुवटी हलवली तरी तो मिळाला असं समजायचं. नव्याला कोणी नाव विचारत नसे. त्याला ‘नवे’ म्हणत.

“नाव कशाला?” बाईंनी समजावलं. “नवे बहुतेक दुसऱ्या आठवड्यात पळतात. नाव लक्षात ठेवलं की उगीच जीव लागतो.”

आणि सगळ्यांत वरचा नियम म्हणजे नव्याने विचारायचं नाही. तो सरांनी स्वतः सांगितला. सर दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासत. माणूस अंगाने काडीसारखा, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि पुढे वाकलेल्याला पाडणं सोपं जातं. “नवे, इथे विचारायचं नसतं,” ते म्हणाले. “बघायचं. बघता बघता कळतं.”

निरीक्षक बघू लागले. रांगेच्या त्या टोकाला, सरांच्या शेजारी, बबडी उभी होती. तिला इथे सगळे ‘ताई’ म्हणत. चाळिशीच्या औषधवाल्या बाईसुद्धा. जिला त्यांनी खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं होतं, तिच्यासमोर ते कमरेत वाकले. पोशाख करकरला. ताईंनी हनुवटी हलवली आणि त्या पुढे गेल्या. नव्याबरोबर जुने लोक सराव करत नाहीत, कारण त्याला पडता येत नाही. म्हणून निरीक्षकांना सरावाला एक खांब देण्यात आला. त्याला जुनी गादी गुंडाळलेली होती. खांबाने त्यांना कधी पाडलं नाही, त्यांनाही खांबाला पाडता आलं नाही. त्या अर्थाने सामने बरोबरीत सुटत होते. पण खांबाला मिठी मारून तिरप्या नजरेने आपल्या मुलीला बघणारा बाप, हे दृश्य काही फारसं शोभिवंत नसतं.

तरीही सुरुवात एवढी वाईट नव्हती. वाईट निरीक्षकांनी स्वतः केलं. दुसऱ्याच संध्याकाळी पाणी प्यायला सगळे थांबले, बबडी घामाने निथळत खिडकीत उभी राहिली, आणि त्यांच्यातला बाप नव्याच्या आधी बोलून गेला.

“बबडे, वाऱ्यात उभी राहू नकोस! सर्दी होईल!”

मग कोपऱ्यात कोणीतरी फिस्कन हसलं. बबडीताई हे नाव त्या क्षणी जन्माला आलं आणि तपकिरी पट्ट्यालाही ते परतवता आलं नाही. घरी आल्यावर बबडी कित्येक महिन्यांनी एक अख्खं वाक्य बोलली. “तिथे मी तुमची कोणी नाही.” निरीक्षकांना वाक्यापेक्षा त्याची लांबी आवडली, इतके ते उपाशी होते.

दुसरा पराक्रम काट्याचा. हॉलच्या कोपऱ्यात माणसं तोलायचा एक काटा होता. स्पर्धा जवळ आली की सगळे त्यावर उभे राहत, कारण ज्यूदोत वजनाप्रमाणे गट असतात. एकदा मॅट पुसता पुसता निरीक्षक सहज त्यावर चढले आणि त्यांचा चेहरा उतरला. लोकांना आपली जन्मतारीख ठाऊक असते तसं त्यांना आपलं वजन ठाऊक होतं, आणि हा काटा चक्क कमी सांगत होता. दोन दिवस त्यांनी दातांखाली जीभ धरली. पण खोटा काटा समोर असताना गप्प बसणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते मखमलीच्या पेटीतून पितळी वजनं घेऊन आले, हातमोजे चढवले, एकेक वजन ठेवून काटा तपासला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “हा काटा अप्रमाणित आहे. प्रत्येकाचं वजन दोन किलोने कमी दाखवतोय.” एवढ्यावर न थांबता त्यांनी त्याला सील ठोकलं.

एका संध्याकाळात अख्ख्या क्लासाचं वजन वाढलं, आणि ते वाढवलं नव्यांनी. जे आपल्या गटात काठावर होते ते वरच्या गटात ढकलले गेले. त्यात सगळ्यांत काठावर होती बबडी. पुढचा आठवडाभर ती घरी जेवणाच्या टेबलावर फक्त काकडी खात होती, आणि प्रत्येक चकती चावताना वडिलांकडे बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सरांनी त्यांना बाजूला घेतलं. “कळलं ते बरं झालं. पण नव्याने विचारायचं नसतं.”

“मी विचारलं नाही, सर. सांगितलं.”

“ते त्याहून वाईट,” सर हळूच म्हणाले.

परीक्षा जवळ येत होती. परीक्षेनंतर बबडीची ट्रंक भरली जाणार होती, आणि निरीक्षकांची मजल अजून खांबापर्यंतच होती. शेवटी त्यांनी औषधवाल्या बाईंना गाठलं. प्रश्न विचारायला बंदी होती, म्हणून त्यांनी तो उसाशासारखा सोडला. “ताईंबरोबर एकदा तरी सराव करायला मिळाला असता तर...”

“मिळेल की. नवेपण सुटल्यावर.”

“आणि ते सुटतं...”

“दुसरा नवा आला की. मी कशी सुटले? तुम्ही आलात!” बाईंच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. “जो येतो, एकदा पडतो आणि उठून उभा राहतो, त्याला सर पांढरा पट्टा बांधतात. मग तो नवा.”

म्हणजे कोणीतरी यायला हवं होतं, पडायला हवं होतं, आणि मुख्य म्हणजे उठायला हवं होतं. शहरात एवढी माणसं रोज पडतात, त्यातलं एक आपल्याकडे वळवायला काय हरकत आहे, असं निरीक्षकांना वाटलं. तिथून त्यांचं जे चक्र फिरलं ते काही थांबेना.

पहिले हेडक्लार्क. ते भिडस्त होते, म्हणून ‘हो’ म्हणाले. जिना चढून आले, आणि नेमकं तेव्हाच सरांनी एका धिप्पाड माणसाला खांद्यावरून मॅटवर आपटलं. खालच्या दुकानात इस्त्री हलली. हेडक्लार्क दारातूनच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात ‘धसका’ असं लिहिलं होतं.

इकडे बातमी इमारतभर पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “त्यापेक्षा पोहायला जा. पाण्यात पडलं तर लागत नाही.” खालचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, “साहेब, शॉक बसला की माणूस आपोआप लांब फेकला जातो, त्याला क्लास कशाला?” समोरच्या घरातले दंतवैद्य मात्र जाणकारासारखे बोलले. “सगळं शास्त्र पडण्यातच आहे, निरीक्षकसाहेब. पाठीवर पडा, हात आपटा, मान आत घ्या. आणि तोंडावर पडलात तर माझ्याकडे या.” या माणसाला गोडी आहे, हे निरीक्षकांनी हेरलं. त्यांनी दंतवैद्यांचं पाऊण तास कौतुक केलं, त्या भरात एक दाढही तपासून घेतली, आणि त्यांना क्लासात आणलं.

दंतवैद्य पडले. आणि काय सुंदर पडले! क्षणात उठलेसुद्धा. निरीक्षकांनी फडकं घडी करून त्यांना द्यायला हात पुढे केला. तेवढ्यात दंतवैद्यांनी पिशवीतून एक जुना, विटलेला निळा पट्टा काढला. “कॉलेजात असताना मिळवला होता,” ते लाजत म्हणाले. “म्हटलं बघू, अजून बसतो का.”

पट्टा बसला. दंतवैद्य रांगेत औषधवाल्या बाईंच्याही पुढे जाऊन उभे राहिले. कानामागून आली आणि तिखट झाली! निरीक्षक त्यांच्यासमोर कमरेत वाकले. दंतवैद्यांनी हनुवटी हलवली. ती हलवायची कशी हे माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

यात एकच फायदा झाला, आणि तोही दुसऱ्यांचा. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दंतवैद्य म्हणाले, “काय नवे, आज पाणी कमी दाबाने येतंय का?” लिफ्टमधल्या चौघांनी ऐकलं. आठवड्याच्या आत इमारतीत निरीक्षक राहिले नाहीत, नवे राहिले. वॉचमन, दूधवाला, मुख्याध्यापिका, सगळे. इतकंच काय, एकदा बायकोनेही स्वयंपाकघरातून हाक मारली, “अहो नवे, गॅस बंद करा!” मग तिने जीभ चावली, पण हसू तिला चावता आलं नाही.

आणि मग तो वाणी. इथे निरीक्षकांचा काही दोष होता असं म्हणवत नाही. वाण्याचा तराजू तपासताना त्यांनी फक्त विचारलं, “संध्याकाळी मोकळे असता का हो?” आता वजनमापे निरीक्षक तराजूवर हात ठेवून असं विचारतो, तेव्हा वाण्याला त्यातून काय ऐकू येतं हे वाण्यालाच ठाऊक. संध्याकाळी वाणी आला. एकटा नाही, सोबत भाजीवाला आणि भंगारवाला यांनाही घेऊन आला. तिघांनी नवे कपडे घातले होते. निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर एकदम तीन जागा पुढे सरकण्याचं स्वप्न तरळलं.

वाण्याला सरांनी अलगद पाडलं. वाणी मॅटवर आडवा झाला आणि तसाच राहिला.

“उठा,” निरीक्षक कळवळून म्हणाले. “शेठ, उठा हो. तेवढंच राहिलंय.”

वाण्याने पडल्या पडल्या हात जोडले. “साहेब, एवढ्यावर भागेल ना? काटा पास समजू?”

ते ऐकून भाजीवाला आणि भंगारवाला अनवाणीच जिना उतरले. वाण्याला चौघांनी उचलून उभं केलं, पण उचलून उभं केलेल्याला पट्टा मिळत नाही. दोन जोडी चपला मात्र मागे राहिल्या, त्या निरीक्षकांनी टाचा भिंतीकडे करून लावून ठेवल्या.

चार दिवसांनी कार्यालयात ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. निरीक्षक व्यापाऱ्यांना खासगी जागेत बोलावून जमिनीवर आपटतात, अशी तक्रार होती. निरीक्षकांनी रात्रंदिवस खपून खुलासा लिहिला: ‘सदर व्यापाऱ्यास मी पाडलेले नाही. तो शिकवल्याबरहुकूम पडला. तो उठला नाही याचे मला त्याच्याइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक दुःख आहे.’ त्यावर वरून शेरा आला, ‘खुलासा असमाधानकारक. पडण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.’ प्रयोजन काय लिहिणार? आपल्या मुलीशी बोलायला मिळावं म्हणून, असं सरकारी कागदावर लिहायला त्यांचा हात उचलेना. त्यांनी ‘व्यायाम’ असं लिहिलं. चौकशी संपेपर्यंत पितळी वजनांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडून काढून घेण्यात आली, आणि त्यांना टपाल घ्यायच्या टेबलावर बसवण्यात आलं. ते टेबलही दाराजवळ होतं.

परीक्षा कधी संपली ते कळलंसुद्धा नाही. बबडीची ट्रंक भरली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघणार होती. क्लासातली तिची ती शेवटची संध्याकाळ. निरीक्षक दुपारी घरी आले आणि त्या ट्रंकेवर बसून राहिले. चहा पुढ्यात निवला.

“अहो, असं काय करताय?” बायको म्हणाली.

“ती जातेय,” निरीक्षक म्हणाले. “एवढे दिवस मी त्या खांबाला मिठ्या मारल्या. मला एकदा तिच्यासमोर उभं राहायचं होतं गं. मी पडेन, काही हरकत नाही. पण तिच्या हातून पडेन. तेवढा वेळ तरी ती माझ्याकडे बघेल.”

बायकोने निवलेला कप उचलून बाजूला ठेवला. मग तिने पदर खोचला. “मी येते. एकदाच. आणि त्या दंतवैद्यापुढे मी वाकणार नाही, आधीच सांगते.”

निरीक्षकांच्या जादा पोशाखाच्या पायाच्या चार घड्या घालून ती हॉलमध्ये आली. बबडी रांगेच्या टोकाला उभी होती. आईला बघून तिचे डोळे विस्फारले. ती काहीतरी बोलायला गेली, पण सर आत आले आणि बोलणं राहिलं. सरांनी बायकोला पाडलं. धप्पकन आवाज आला, खालून दुकानदार ओरडला. बायकोने छताकडे बघितलं, कुशीवर वळली आणि गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

“अगंबाई,” ती म्हणाली. “हे तर सोपं आहे.”

सरांनी तिला पांढरा पट्टा बांधला. निरीक्षक एक जागा पुढे सरकले. एकच जागा, पण पाठीचा वारा थांबला, पायाखाली शाबूत मॅट आली. औषधवाल्या बाई वळल्या आणि पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तशा त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “काय हो, तुमचं नाव काय?” नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी टाळी वाजवली.

“आज ताईंचा शेवटचा दिवस,” सर म्हणाले. निरीक्षक पुढे वाकून ऐकू लागले. “रिवाजाप्रमाणे जाणारा शेवटचा सराव करून जातो.” निरीक्षकांनी कॉलर सरळ केली. “सर्वांत नव्याबरोबर. आपण कुठून सुरुवात केली ते जाणाऱ्याने बघून जावं, म्हणून.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. दंतवैद्यांनासुद्धा, कारण दंतवैद्य नवे नव्हते, त्यांना विचारता आलं होतं.

बबडी रांगेच्या टोकाकडून चालत आली. एकेकाला मागे टाकत, दंतवैद्यांना, औषधवाल्या बाईंना. निरीक्षकांपाशी तिचं पाऊल किंचित अडखळलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. मग ती आईसमोर कमरेत वाकली, पार वाकली, नुसती हनुवटी नव्हे. आईला हसू आवरेना. बबडीने तिची बाही धरली, पाय सरकवला आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं तिला मॅटवर ठेवलं. हात देऊन उठवलं. आईच्या पट्ट्याची गाठ सुटली होती, ती नीट बांधून दिली. सगळं निरीक्षकांपासून हातभर अंतरावर झालं. डोळे भरून आले ते इस्त्रीच्या वाफेने, असं त्यांनी नंतर सांगितलं.

घरी जाताना बायको पुढे चालत होती, कमरेवर हात ठेवून. “पुन्हा जन्मात येणार नाही मी,” ती वळून म्हणाली. “गेलं माझं कंबरडं.”

बबडी वडिलांबरोबर चालत होती. तिच्या कानांत बोंडं नव्हती.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” तिने विचारलं.

“काय?”

“शेवटच्या सरावाचं.” ती खाली बघत होती. “मी केव्हाचं ठरवून ठेवलं होतं. कुठला डाव लावायचा ते. तुमचा उजवा गुडघा दुखतो ना, म्हणून डावीकडून. रोज उशी घेऊन करून बघत होते.”

निरीक्षक थांबले. “अगं मग सांगायचं नाहीस का?”

“नव्याला सांगत नाहीत, बाबा.” मग ती म्हणाली, “आणि मला वाटलं, शेवटपर्यंत तुम्हीच नवे राहणार. दुसरं कोण येणार होतं तिथे?”

हेडक्लार्क, वाणी, दाढ, कपाटाची किल्ली, सगळं निरीक्षकांच्या डोळ्यांसमोरून गेलं. ज्या खड्ड्यातून निघायला त्यांनी जमीन-अस्मान एक केलं, तोच खजिन्याचा निघाला, आणि त्यांनी तो बायकोच्या हवाली केला होता.

“आई उद्यापासून येणार नाही,” बबडी म्हणाली. “म्हणजे तुम्ही परत नवे.”

“हो.”

“मग राहा. सुट्टीत मी येईन ना, तेव्हा परत येणाऱ्यालाही तोच नियम आहे. पहिला सराव नव्याबरोबर.” एवढं बोलून तिने कानात बोंडं घातली.

ती गेली. घर असं गप्प झालं, की पेपराचं पान उलटलं तरी दचकायला होई. फोन केला की पलीकडून ‘हं’ येई, तोसुद्धा निरीक्षकांना आता पुरेसा वाटेनासा झाला होता. सकाळी ते दाराजवळच्या टेबलावर टपाल घेत, संध्याकाळी दाराजवळच्या जागेवर उभे राहत. दंतवैद्यांपुढे वाकत, खांबाशी बरोबरीत सुटत, आणि भाजीवाला-भंगारवाल्याच्या त्या बेवारशी चपला रोज ओळीत लावत.

बबडीची सुट्टी तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. नियमाप्रमाणे निरीक्षक सगळ्यांच्या आधी आले होते आणि गुडघ्यांवर बसून मॅट पुसत होते. जिन्यावर पावलं वाजली. दारात एक सभ्य गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात कडक खळीचा नवाकोरा पोशाख.

“ज्यूदोचा क्लास हाच का?” गृहस्थांनी विचारलं.

निरीक्षकांनी उभ्या नोकरीत तोळाभर खोटं खपवून घेतलं नव्हतं. ते म्हणाले, “इथे कपडे धुतात.”

गृहस्थांनी आतल्या मॅटकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि ते समजुतीने हसले. त्यांना वाटलं, ही इथली परीक्षा असावी. त्यांनी चपला काढल्या, टाचा भिंतीकडे करून ठेवल्या, आणि निरीक्षकांसमोर अगदी कमरेतून वाकले. त्या हॉलमध्ये निरीक्षकांना मिळालेला तो पहिला पुरा नमस्कार.

“आपलं नाव काय म्हणालात?” गृहस्थांनी आदराने विचारलं.

निरीक्षकांनी फडकं छातीशी धरलं.

“मी इथला नवा,” ते म्हणाले. “जागा एकच असते. तुम्ही सुट्टी संपल्यावर या.”

आणि जे दार कधी नीट लागत नसे, ते त्यांनी खांद्याने रेटून लावून घेतलं.